पुराच्या गावाला एक माणूस पाहिजे

हा सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल, 1929 चा. पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच, आयर्विनला किती फूट? 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या आत्याच्या घरात पार माळ्याला लागलं होतं. घर पुढं नीट झालं, फरशी बदलली, रंग दिला. आत्या मात्र अजूनही जुलै लागला की रेशन कार्ड, पासबुकं आणि मामांचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून उशाशी घेऊन झोपते, झोपते म्हणजे नुसती पडून राहते, पत्र्यावर पाऊस वाजला की उठून दारातनं रस्ता बघून येते.

अशा किती आत्या असतील? बंगळुरूच्या निम्हान्सनं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, 12 राज्यांत, पण त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या कृष्णाकाठचं दुखणं मोजायचं तर इथंच राहून, घरोघरी फिरून ते कुणीतरी करायला पाहिजे. म्हणून इथल्या एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात (नाव सांगत नाही) क्लिनिकल सायकॉलॉजीच्या (मानसिक आजार ओळखून उपचार करायचं शास्त्र) संशोधनासाठी सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली, फक्त एक, तेव्हा मला ती बातमी फार मोठी वाटली.

आता भरती कशी होते ते बघा. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीप्रमाणं एम.ए. ला 55 टक्के पाहिजेत आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. मूळ पगार 57,700 पासून सुरू. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पेशंट बघायचा तर कायदा वेगळा, तिथं आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठीचा आजवरचा नेहमीचा रस्ता म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल., हॉस्पिटलमध्ये, सीनियरच्या देखरेखीखाली, वॉर्डात उभं राहून. हे दोन रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत. नेट झालेला पण पेशंटसमोर एक दिवसही न बसलेला माणूस पात्र ठरतो, आणि दोन वर्षं वॉर्डात काढलेली मुलगी नेट राहिलं म्हणून दारातनंच परत जाते. विद्यापीठाच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायच्या तक्त्यात पीएच.डी. ला 30 मार्क आहेत आणि एम.फिल. ला जास्तीत जास्त 7. त्या नियमावलीत निवड मुलाखतीवर ठेवलीय हे खरं, पण त्या खोलीपर्यंत पोचायचं तर आधी हे गणित जमायला पाहिजे. मला हे बरोबर वाटत नाही, अजिबात नाही.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही कॅमेरा घेऊन गेलो होतो, पण तो आत नेता येत नाही, त्यामुळं बाहेर बाकड्यावरच बसून होतो. कुणाच्या मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, कुणी ओरिजिनल सर्टिफिकेटची फाईल चौथ्यांदा लावतंय. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारत होतो, काय विचारलं हो? आणि सगळ्यांना एक प्रश्न सारखाच आला होता.

पीएचक्यू-9 नावाची एक प्रश्नावली आहे, जगभर वापरतात. डिप्रेशनची नऊ लक्षणं, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा जाणवली ते सांगायचं, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण 27. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. तज्ज्ञ मॅडमनी विचारलं, तुम्ही पूरग्रस्त गावात फॉर्म भरून घेताय आणि बाई नवव्या प्रश्नाला होय म्हणाली, तर?

एक सर, पेपर भरपूर छापलेले, बाहेर येऊन म्हणाले की मी सांगितलं डेटात नोंद करीन आणि वेगळं अॅनालिसिस करीन. त्यांच्यानंतर मिरजेची एक मॅडम आत गेली. तिनं सांगितलं होतं, फॉर्म बाजूला ठेवीन, तिथंच बसेन, बाईला विचारून घरातल्या एकाला जवळ बोलवीन, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडं घेऊन जाईन, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर लावून देईन, आणि हे सगळं कसं करणार ते आधीच एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनात माणसांना त्रास होत नाही ना हे बघणाऱ्या समितीला, लिहून दिलेलं असेल. मला तर संशोधन म्हणजे हेच वाटतं. नुसता आकडा गोळा करायचा आणि बाईला तिथंच सोडून यायचं, असं कसं चालेल?

मिरजेची मॅडम आणखी एक गोष्ट बोलली. पुस्तकी मराठीत "उदास वाटतं का" असं विचारलं की आपल्याकडच्या बायका नाही म्हणतात. मी घरी येऊन आत्याला विचारून बघितलं. "उदास कशाला बाबा, पोरं-सुना सगळी चांगली हायत." मग विचारलं, पाऊस लागला की काय होतं? "जीव थाऱ्यावर राहत नाही बघ."

कुणालाही घेतलं तरी पुढं आठवड्याला 16 तासांचं शिकवणं ठरलेलंच आहे, शिवाय पेपर तपासणी, परीक्षेची ड्युटी, नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, फाईली. मग गावात जायचं कधी? रविवारी? विभागप्रमुख सर म्हणाले, बघू, अॅडजस्ट करू. माझं विद्यापीठाला हात जोडून सांगणं आहे, संशोधनासाठी माणूस घेताय तर वेळापत्रकात त्याचे दोन दिवस मोकळे ठेवा, पहिल्या दिवसापासून आणि लेखी.

निकाल अजून लागलेला नाही. मिरजेच्या मॅडमनी मला विचारलं होतं, तुमच्या आत्यांना भेटू का, संशोधन वगैरे नाही, असंच. मागच्या शनिवारी आल्या. फॉर्म आणला नव्हता. चहा घेतला आणि विचारलं, "काकू, पिशवीत काय काय ठेवता हो?" आत्यानं गाठ सोडली. एकेक वस्तू काढून कॉटवर मांडली. रेशन कार्डाच्या आतल्या पानावर 2019 च्या चिखलाची तपकिरी रेघ आहे, ती तिनं बोट ठेवून दाखवली. इतक्या वर्षांत आम्हा घरातल्या कुणालाच ती माहीत नव्हती.