दुधी, तीन शिट्ट्या आणि वजनाचा काटा

श्रोतेहो, नमस्कार. सूप आणि वजन यांवर बोलायला लागण्याआधी तुम्हाला एक काम सांगते. घरात दुधी असेल तर पाव किलोचा तुकडा घ्या, साल काढा आणि एक बारीकशी फोड कच्चीच जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि तो दुधी सरळ कचऱ्यात. कडू दुधी विषारी असतो आणि शिजवला तरी त्याचं विष उतरत नाही. कडू नसेल तर बाकीच्या फोडी करा, दोन चमचे धुतलेली मूगडाळ, आल्याचा तुकडा, चिमूटभर हळद आणि दोन वाट्या पाणी घालून कुकर लावा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. तोवर आपण बोलू.

वजन कमी करायचं म्हटलं की हल्ली पहिला सल्ला सूपचा मिळतो. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी एक बाई यायच्या. तीन महिने रोज रात्री सूप घेत होत्या आणि वजन उतरायचं सोडून दीड किलोनं चढलं होतं. ‘मला सूप लागू पडत नाही,’ म्हणाल्या, जसं काही ते औषधच आहे. मी विचारलं, करता कसं? टोमॅटो उकडून, गाळून, त्यात मोठा चमचाभर लोणी, दाट व्हायला कॉर्नफ्लोअर, आंबट लागतं म्हणून दोन चमचे साखर, आणि वर ब्रेडचे तळलेले तुकडे. मग त्यानंतर? ‘त्यानंतर जेवण.’ म्हणजे नेहमीएवढंच? ‘अहो, सूपनं काय पोट भरतं होय?’

आता हिशेब बघा. लोण्याच्या त्या एका चमच्यात शंभर कॅलरी, म्हणजे एका मध्यम पोळीएवढ्या. कॉर्नफ्लोअर, साखर, ब्रेड धरून वाडग्यात अडीचशेच्या आसपास गेल्या. बाई रोज रात्री अडीच पोळ्या जास्त खात होत्या, फक्त त्या पातळ आणि लाल होत्या. टोमॅटो बिचारा त्यात उगाच बदनाम.

सूपमध्ये चरबी जाळणारं काही नसतं, हे आधी स्पष्ट सांगते. ‘पी हळद अन् हो गोरी’ असा हा मामला नाही. सूपचं काम एवढंच की ते जेवणाआधी पोटात जाऊन बसतं आणि पानातल्या एखाद्या पोळीची जागा अडवतं. ती पोळी पानातून खरोखर कमी झाली तरच त्याचा उपयोग.

ही जागा ते कसं अडवतं, यावर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी चांगलं काम केलंय. 1999 सालच्या त्यांच्या एका प्रयोगात चोवीस बायका होत्या. जेवणाआधी त्यांना एकदा कोंबडी-भाताचा घट्ट पदार्थ दिला, एकदा तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, आणि एकदा तेवढंच पाणी त्याच पदार्थात मिसळून केलेलं सूप. जिन्नस तेच, कॅलरी त्याच. पण सूप प्यायलेल्या दिवशी त्यांनी पुढच्या जेवणात शंभरएक कॅलरी कमी खाल्ल्या. नुसतं पाणी शेजारी ठेवून काही फरक पडला नाही. कारण सोपं आहे: वेगळं प्यायलेलं पाणी जठरातून झटकन पुढे निघून जातं, तेच अन्नात एकजीव झालं की अन्नाबरोबर रेंगाळतं आणि पोट ताणलेलं राहतं. पुढे 2007 साली त्यांच्या चमूनं भाजीच्या सूपचे चार प्रकार करून पाहिले. कुठे सूपचा पातळ रस्सा आणि भाज्या वेगळ्या, कुठे फोडींचं, कुठे अर्धवट वाटलेलं, कुठे अगदी मऊ. चारही वेळा सूप धरूनसुद्धा एकूण जेवण सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालं. तेव्हा ‘वाटू की फोडी ठेवू’ यावरून घरात वाद नको.

पण यातून वजन किती उतरेल? दिवसाला सव्वाशे कॅलरी नेमानं कमी झाल्या तर महिन्याकाठी फार तर अर्धा किलो. ऐकून निराश झालात ना? पण अर्धा किलो टिकतो. कोबीच्या सूपवर सात दिवस काढायचे, अशी एक टूम मधूनमधून उठते. त्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो हे खरं. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या एका ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. उपाशी राहिलं की साठा जातो, पाणीही जातं. आठव्या दिवशी वरण-भात जेवलात की दोन्ही परत. आणि घरातल्यांनी आठवडाभर सोसलेला तुमचा चिडचिडेपणा वेगळाच.

मला विचाराल तर सूपची खरी वेळ रात्रीच्या जेवणाची नाहीच, संध्याकाळी साडेसहाची आहे. कामावरून घरी आलो, चपला काढल्या आणि हात कुठे जातो? फरसाणाच्या डब्यात. उभ्या उभ्या, भाजी निवडता निवडता दोन मुठी. पन्नास ग्रॅम तळलेलं फरसाण म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी, आणि त्याला आपण ‘काही खाल्लं नाही अजून’ म्हणतो! त्या वेळेला गरम सूपचा वाडगा हातात असेल तर डबा उघडायला हात मोकळा राहत नाही. गरम असल्यामुळे ते घटाघटा पिता येत नाही, फुंकत फुंकत पंधरा मिनिटं जातात. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतोच, तो असा मिळतो.

आणि सूप म्हणजे हॉटेलातलंच असं कुणी सांगितलं? माझ्या सासूबाईंनी आयुष्यात सूप हा शब्द फक्त धान्य पाखडायच्या सुपासाठी वापरला. पण मोड आलेले मूग किंवा कुळीथ उसळीसाठी शिजवले की वरचं पाणी त्या कधी ओतून देत नसत. थोडे मूग त्यातच रवीनं घोटायचे, ताक घालायचं, आलं-मिरची ठेचून, आणि थेंबभर तुपात जिऱ्याची फोडणी. हे कळण. आजारातून उठलेल्याला मुगाचं कढण. टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार. कोकणात कुळथाचं पिठलं इतकं पातळ करतात की भाताशिवाय नुसतं भुरकावं. कळणाचा टोमॅटोच्या सूपपेक्षा जास्त फायदा, कारण घोटलेल्या कडधान्यातली थोडी प्रथिनं त्यात येतात आणि प्रथिनांनी भूक जरा जास्त वेळ दबते. साराला मात्र नारळाचं दूध नको, गुळाचाही हात आखडता.

कोल्हापूरच्या श्रोत्यांनी रागावू नये, पण पांढरा रस्सा या यादीत बसत नाही. नारळाचं दूध, काजू, खसखस! तो महिन्यातून एकदा मन लावून प्यावा आणि त्या दिवशी वजनाचं नाव काढू नये. लग्नातलं मनचाव सूपही तसंच. वरचे तळलेले नूडल्स बाजूला ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पाकिटातल्या सूपबद्दल थोडंसं. अडीअडचणीला ठीक. पण पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात आपलं लोणचं, पापड, आमटी सगळं आलं. घरी करताना मीठ निम्मं घालून लिंबू पिळा. आंबटानं मीठ कमी असल्याचं लक्षात येत नाही.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा हृदयासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचं सूप सुरू करू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सूपवर भागवून जेवण टाळू नये, साखर एकदम खाली जाते. त्यांनी सूप घ्यावं आणि जेवावंही, किती ते डॉक्टरांशी बोलून.

त्या बाईंचं पुढे काय झालं? लोणी, साखर आणि ब्रेड गेले. कॉर्नफ्लोअरच्या जागी लाल भोपळ्याची एक फोड वाटून घालायला लागल्या, दाटपणा आपोआप आला. आणि पोळ्या तीनच्या दोन. चार महिन्यांनी आल्या तेव्हा पावणेदोन किलो उतरले होते. खूश नव्हत्या. ‘एवढंच?’ म्हणाल्या. मी म्हटलं, चढला होता तो दीड किलो आणि वर थोडा नफा.

कुकरची वाफ एव्हाना गेली असेल. झाकण काढा, रवीनं घोटा, मीठ जपून, मिरपूड सढळ हातानं. अर्धा छोटा चमचा तुपात जिरं तडतडवून वर ओता. दोन वाडगे होतील, एकेकात साठेक कॅलरी. आणि हो, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवून मगच सूप प्यायला बसा. नमस्कार.