गवंडी कार्ल आणि गावाची टेकडी

नमस्कार मंडळी.

हिवाळा सुरू झाला की आपल्यातली बरीच कुटुंबं डेन्व्हरहून स्की घेऊन डोंगराकडे निघतात. ही वाट ज्यांनी रुळवली त्यांतल्या एका माणसाविषयी मला आज बोलायचं आहे. त्यांचं नाव कार्ल हॉवेल्सन.

कार्ल नॉर्वेचे, जन्म १८७७चा. नॉर्वेतल्या होल्मेनकोलनच्या मानाच्या स्की स्पर्धेत त्यांनी १९०३ साली बाजी मारली होती. १९०५ मध्ये ते अमेरिकेत आले आणि गवंडीकामावर पोट भरू लागले. १९०७ मध्ये बार्नम अँड बेली सर्कशीत स्कीवरून उड्या मारून त्यांनी नाव कमावलं. पुढे ते डेन्व्हरला आले, आणि १९१३ मध्ये कोलोरॅडोच्याच डोंगरातल्या स्टीमबोट स्प्रिंग्ज या गावाला.

तिथले लोक स्की वापरत होते, पण हिवाळ्यात रस्ते बुजले की ये-जा करण्यापुरतेच. त्यात खेळ आहे, आनंद आहे, हे कार्लनी दाखवलं. १९१४ च्या फेब्रुवारीत गावाचा पहिला विंटर कार्निव्हल भरला. लवकरच यांपा नदीपलीकडच्या टेकडीवर उडीचा मोठा उतार तयार झाला. १९१७ मध्ये त्या टेकडीला त्यांचं नाव दिलं गेलं: हॉवेल्सन हिल.

मला त्यांच्या सर्कशीतल्या उड्यांपेक्षा पुढची गोष्ट फार मोठी वाटते. मायदेशातून आणलेली विद्या त्यांनी आपल्याच लोकांपुरती ठेवली नाही. तालमीतल्या वस्तादासारखं त्यांनी गावातल्या पोरांना हाताशी धरून शिकवलं. कार्ल पुढे नॉर्वेला परतले, १९५५ मध्ये तिथेच वारले. पण शिकवणं थांबलं नाही. स्टीमबोटसारख्या या छोट्याशा गावाने आजवर हिवाळी ऑलिंपिकला जितके खेळाडू दिले, तितके उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही गावाने दिलेले नाहीत. टेकडी आजही नगरपालिकेच्या मालकीची आहे, आणि शाळकरी मुलं तिथे सरावाला येतात.

आपल्याकडेही लेझीम आहे, ढोल आहे, मल्लखांब आहे. हे सगळं आपण सभागृहाचं दार लावून करतो, याची मला मनापासून खंत वाटते. शेजारच्या शाळेतल्या मुलांना आपण कधी बोलावणार?

कार्निव्हल अजूनही दर फेब्रुवारीत भरतो. भर रस्त्यात बर्फ पसरतात आणि घोड्यांमागे दोरी धरून मुलं स्कीवरून सुसाट जातात. यंदा आपण मुलांना घेऊन जाऊ या. कोणाच्या गाडीत किती जागा आहे, ते आज जेवतानाच ठरवू.