शेवटच्या घोड्याचं पाणी होईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

टेक्सासमध्ये फेब्रुवारीची पहाट चांगलीच बोचते. अशाच एका पहाटे सॉल्ट ग्रास ट्रेल नावाच्या तांड्यात, खेचरं जुंपलेल्या गाडीत मी घोंगडं लपेटून बसले होते. मागेपुढे घोडेस्वारांची लांबच लांब रांग. सगळे निघाले होते ह्यूस्टनच्या जनावरांच्या प्रदर्शनाला.

मोटारींच्या देशात हा खटाटोप कशासाठी? त्यासाठी एमिल मार्क्स या पशुपालकाची गोष्ट सांगायला हवी. ह्यूस्टनच्या पश्चिमेला बार्करला त्यांचं एलएच सेव्हन हे रँच होतं. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गुरांचा वंश म्हणजे लांब शिंगांची लाँगहॉर्न. काटक, पण अंगावर मांस कमी. त्यामुळे बाजारात तिची किंमत उतरली आणि ती नामशेष व्हायला आली. मार्क्स यांनी मात्र आपला कळप राखला. आज लाँगहॉर्नची जी सात मूळ घराणी मानतात, त्यांतलं एक मार्क्स यांच्या नावाचं आहे. १९४० च्या दशकात पूर अडवण्यासाठी बार्करचं धरण झालं आणि रँचची बरीच जमीन त्यात गेली. धरणात जमीन जाणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या कितीतरी घरांना ठाऊक आहे.

पुढे १९५२ मध्ये मार्क्स आणि आणखी तिघे असे चौघंच ब्रेनहॅमहून घोड्यावर निघाले. ह्यूस्टन तिथून शंभरेक किलोमीटर. वाटेत माणसं येऊन मिळत गेली. पूर्वी हिवाळ्यात आतल्या भागातलं गवत वाळलं की गुरं समुद्रकाठच्या खाऱ्या गवतावर नेत, त्यावरून या वाटेला सॉल्ट ग्रास, म्हणजे खारं गवत, हे नाव. आपले धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तसंच हे. १९५७ पासून प्रेअरी व्ह्यू नावाचा कृष्णवर्णीय स्वारांचाही तांडा येतो. गुराख्यांच्या इतिहासात त्यांचं नाव फार उशिरा घेतलं गेलं, म्हणून ते इथे घ्यायलाच हवं.

निघाल्यावर थोड्याच वेळात सगळे थांबले. खोगीर चढवताना घोडा पोट फुगवून धरतो. चार पावलं चालला की श्वास सोडतो आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ढिला पडतो. म्हणून प्रत्येकानं उतरून तंग पुन्हा आवळला. एका घोडीच्या शेपटीला लाल फीत होती. ही लाथ झाडते, मागे अंतर ठेवा, असा त्याचा अर्थ.

दुपारी एका कुंपणापलीकडे राखाडी गाई दिसल्या. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी. मी चटकन उठून उभी राहिले. या ब्राह्मन जातीत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या जनावरांचंही रक्त आहे. १९०६ मध्ये टेक्सासच्या पिअर्स रँचनं हिंदुस्थानातून अशी गुरं नेली होती. उकाडा आणि गोचीड त्यांना सोसतात ना! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं, तसं झालं मला.

संध्याकाळी ओढ्यावर थांबलो. पाणी पिऊन झालेले घोडे पुढे निघाले, तर मागचा बिचारा अर्धवट पिऊनच त्यांच्यामागे धावतो. म्हणून तिथे कुणीच हलायचं नाही, असा नियम. एक म्हातारा, पांढुरका घोडा अगदी सावकाश पीत होता. अंधार पडू लागला होता, मुक्काम अजून लांब होता. सगळे स्वार लगाम सैल सोडून, न बोलता उभे होते. त्यानं मान वर केली, ओठांवरून पाणी ठिबकलं, आणि मग पुढची गाडी हलली.