आतला पॅड पाहिलात का?

श्रोतेहो, नमस्कार.

ओंकारेश्वरला निघा की महेश्वरला, माळव्याचं पठार सोडलं की घाट उतरावाच लागतो. इंदूरच्या सपाट रस्त्यावर खपून जाणारा ब्रेक तिथे खपत नाही. म्हणून आज जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरच्या घरी कसे बदलायचे, त्याबद्दल बोलणार आहे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, तिला आतून एक आणि बाहेरून एक असे दाबून गाडी थांबवतात, ते हे पॅड. पुढचेच का? ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या चाकांवर येतं. साहजिकच तिथले पॅड आधी झिजतात.

स्टेपनी बदलता येते ना? मग निम्मं काम तुम्हाला येतंच. फक्त नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि गाडीखाली लोखंडी घोडी, म्हणजे वजन पेलणारा स्टँड. विटांवर गाडी टेकवू नका, वीट फुटते. पुन्हा सांगतो, घोडी लावल्याशिवाय हात आत नाही.

जागेवरून आठवलं. आमच्या रामबागेतल्या वाड्यांना अंगण असायचं. रविवारी पोहे-जिलबी झाली की तिथे कुणी सायकल उलटी टाकायचं, कुणी स्कूटर खोलायचं, आणि पोरं बघत बघत शिकायची. आता इमारतींत पार्किंगला रेघा आखलेल्या असतात आणि पाना काढला की चौकीदार येतो. सोसायट्यांनी हातानं काम करण्यासाठी एक कोपरा राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. मुलींनाही तिथे पाना धरायला लावावं. असो.

आता मला सांगायची आहे ती काकूंची गोष्ट. काकू आमच्या शेजारच्या. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं, त्यामुळे कान फार तयार. गाडी जुनी झेन, स्वतः चालवतात. माहेर मंडलेश्वरचं, म्हणून महूवरून जामघाट उतरून त्यांचं नेहमी जाणं-येणं. अहिल्याबाईंनी बांधवलेला तो जाम दरवाजा ओलांडला की रस्ता कसा खाली झेपावतो, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

एके सकाळी काकू दारात. म्हणाल्या, “अरे, डावीकडून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतोय. चाक फिरतं तोवर येतो. ब्रेक दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू.”

श्रोतेहो, हे निदान कानानं झालेलं होतं. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आला की ती चकतीला घासते आणि असाच आवाज करते. पण काकू आधी एका गॅरेजमध्ये जाऊन आल्या होत्या. तिथल्या मुलानं चाकाच्या फटीतून बॅटरी मारली, म्हणाला, “पॅड चांगले आहेत, धूळ असेल.” पाणी मारून गाडी परत दिली. काकूंचा मला एकच प्रश्न, “पॅड चांगले, मग आवाज काय भुताचा?”

आम्ही डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड पाहिला तर खरंच अर्ध्याहून अधिक शिल्लक. मुलगा खोटं बोलला नव्हता. मग कॅलिपरचा, म्हणजे पॅड चकतीवर दाबणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि आतला पॅड बाहेर घेतला. त्यावरचा मसाला, म्हणजे झिजणारा थर, पोस्टकार्डाच्या जाडीचा उरला होता, एका टोकाला तर पत्रा चमकत होता! काकूंनी दोन्ही पॅड दोन हातांत धरले, इकडून तिकडून पाहिले आणि म्हणाल्या, “एकाच दिवशी बसवलेले ना रे हे?”

एकाच दिवशी बसवलेले. मग एक झिजला, दुसरा का नाही? कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबानं पुढे येणारा दट्ट्या, फक्त आतल्या पॅडला ढकलतो. त्याच्या प्रतिक्रियेनं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड चकतीवर ओढून आणतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही. बाहेरचा पॅड नावापुरता टेकतो आणि सगळा भार आतल्यावर पडतो. काकूंच्या गाडीत पिनेवरचं रबर फाटलं होतं. पावसाचं पाणी आत शिरून पिन गंजली होती. पाना लावून पुढे-मागे, पुढे-मागे फिरवली, तेव्हा कुठे करकरत निघाली. काकूंनी विचारलं, “मागच्या खेपेला पॅड बदलले, तेव्हा ही पिन कुणी काढून पाहिली का?” पिनेवरचा जुना ग्रीस दगडासारखा झाला होता. हेच उत्तर.

गंज पॉलिश पेपरनं काढला. नवीन रबर आणलं आणि सिलिकॉनचा ग्रीस लावला. साधा ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. पिन बोटानं ढकलली तरी सरकायला लागली, तेव्हा काकूंनी स्वतः दोनदा सरकवून पाहिली.

म्हणून सांगतो, आतला पॅड काढून पाहा. आणि पॅड बदलताना पिना साफ करा. नुसते पॅड बदलून दोष जात नाही.

बाकीचं भराभर सांगतो. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं बांधा. धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्यानं, पिस्टन सावकाश मागे दाबा. त्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा आणि ऑइलच्या पातळीवर नजर ठेवा, कारण ते वर चढतं आणि सांडलं तर रंग उठतो. मसाला तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे, तेही दोन्ही चाकांचे. पण एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. चकतीवर खोल चरे असतील किंवा ती तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाली असेल, तर तीही बदला. काढलेले पॅड आणि सांडलेल्या ऑइलचं फडकं नालीत टाकू नका, आपल्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा खण वेगळा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चाक बसवलं, नट आमनेसामने आवळले, तरी गाडी लगेच हलवू नका. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्यांदा पेडल सरळ तळाला जातं. उभ्या गाडीतच पेडल दाबत राहा, कडक लागेपर्यंत. पुन्हा सांगतो, पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवायची नाही. कडक झालंच नाही, तर गाडी तिथेच ठेवून जाणकाराला बोलवा. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात हलके ब्रेक लावत पॅड बसू द्या. घाट त्यानंतर. आणि घाट गियरमध्येच उतरायचा, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल नाही.

काकू पुढच्या आठवड्यात मंडलेश्वरला पोचल्या आणि तिथून फोन केला, “दोन्ही बाजूंनी शांत आहे रे. आता उजवीकडची पिनही उघडून पाहू.” ती आम्ही पॅड बदलताना पाहिली होती, पण काकूंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. पुढच्या रविवारी उजवं चाक पुन्हा काढलं.

नमस्कार.