मूठ तोंडात का जाते?

(स्तनपान सप्ताहात एका तालुक्याच्या गावी आशाताई, नव्या आया आणि आज्यांपुढे बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

आज्या पुढच्या रांगेत बसल्यात याचा मला फार आनंद आहे. मी जे सांगणार आहे, त्याचा निर्णय घरात बहुतेक वेळा त्याच घेतात.

तीन महिन्यांचं बाळ. अख्खी मूठ तोंडात, लाळेनं झबलं छातीपर्यंत ओलं. घरात लगेच दोन बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतं, दात येणार. कुणी म्हणतं, पोट भरत नाही पोराचं, आईला दूध पुरत नाही. या दुसऱ्या बोलण्यानं फार नुकसान होतं.

मागच्या पावसाळ्यात एक आई आली. बाळ साडेतीन महिन्यांचं, वजन उत्तम. पाजून झाल्यावरही मुठी चोखतं, म्हणून घरच्यांनी बाटलीनं वरचं दूध सुरू केलेलं. दोन आठवड्यांत ते अंगावर प्यायला कुरकुरू लागलं. 'माझं दूध आटलं' म्हणून ती रडत होती. दूध आटलं नव्हतं, उपसा थांबला होता. विहीर उपसली की झरे वाहते राहतात, तसंच आईच्या दुधाचं आहे. आम्ही बाटली हळूहळू कमी केली, पुन्हा पुन्हा छातीशी घ्यायला लावलं आणि दूध परत वाढलं. पण त्या दोन आठवड्यांत त्या मुलीनं स्वतःला जो दोष दिला, त्याची काही गरज होती का?

चोखणं बाळ पोटातूनच शिकून येतं. सोनोग्राफीत चौथ्या महिन्यातला गर्भ अंगठा चोखताना दिसतो. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत मूठ तोंडाकडे जाणं ही खरोखर भुकेची खूण असते. मुठी घट्ट, मान इकडे-तिकडे वळते, तोंड काहीतरी शोधतं. तेव्हा रडायची वाट न बघता पाजायचं. दोन-तीन महिन्यांनंतर मात्र गोष्ट बदलते. बाळाला आपला हात दिसू लागतो, तो आपल्या मनासारखा हलतो हे कळतं, आणि सगळ्यात आधी तो तोंडात जातो. ओठ आणि जिभेसाठी मेंदूत मोठी जागा राखलेली असते. या वयात जगाची ओळख तोंडातूनच होते. पोट भरलेलं, अंग सैल, बोटं मोकळी, आणि तरी हात चोखतंय? मग ते शिकतंय, शिकू द्या.

याच सुमाराला आईची छाती आधीसारखी भरून दुखत नाही, आणि बाळ दहा मिनिटांत पिऊन बाजूला होतं. दोन्ही चांगल्या खुणा, पण घाबरवतात दोन्ही. दूध पुरतंय का हे मुठीवरून ठरवू नका. दिवस-रात्र मिळून ६ ते ८ वेळा शू होते का आणि कार्डावर वजनाची रेघ वर चढते का, ते बघा.

आता लाळ. या वयात लाळ जास्त तयार होऊ लागते, पण ती वरचेवर गिळायची सवय अजून बसलेली नसते, आणि अडवायला पुढचे दातही नसतात. म्हणून ती ओघळते. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुधा खालचा पुढचा; कुणाला चौथ्यात, कुणाला वर्षाला. लाळेरं ओलं झालं की बदला, हनुवटी न घासता टिपून घ्या.

हातमोजे काढून ठेवा, ते बाळापासून त्याचा हातच लपवतात. हात धुवा, नखं कापा. मनगट्यांचे काळे मणी मात्र कृपा करून काढा. हात दिवसभर तोंडात असतो आणि दोरा कधीतरी तुटतोच.

दातावर सगळं ढकलण्याची सवय फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये दात येण्यासाठी म्हणून बाळांना पारा घातलेली पावडर देत. त्या पाऱ्यानं मुलांचे हातपाय लालबुंद होऊन सोलत, काही दगावत. १९५० च्या दशकात ती बंद झाली, तेव्हा कुठे तो आजार ओसरला. आपल्याकडे 'दाताची हगवण' अजून आहे. दातामुळे हगवण लागत नाही, खरा तापही येत नाही. मळलेली वस्तू तोंडात जाते, बाटली नीट उकळलेली नसते, त्यातून जंतू जातात. दात येतोय म्हणून थांबू नका. ओआरएस सुरू करा, अंगावर पाजत राहा, झिंकसाठी आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारा.

आशाताईंनो, एक काम खास तुमच्यासाठी. घरभेटीत बाळ कोणता हात तोंडात घालतं ते बघा. दोन्ही घालत असेल तर छान. नेहमी एकच घालत असेल, दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, किंवा सहा महिने होत आले तरी हात तोंडाशी जात नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवायला पाठवा. आणि एकाएकी खूप लाळ, ताप, गिळता येत नाही, श्वासाला घरघर, असं दिसलं तर त्याच तासाला.