‘बोर्ड’ म्हणजे मुळात एक फळी

नमस्कार मंडळी! दहावीचा पेपर काढतं ते बोर्ड, दुकानावर लावतात तो बोर्ड. (एक ‘ते’, एक ‘तो’; आपण न ठरवताच लिंग वेगळं केलंय, गंमत आहे ना?) आता सांगा, परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा आणि दुकानावरच्या पाटीचा संबंध काय?

संबंध आहे लाकडाचा. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवायची वेळ झाली की घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवण झालं की उचलून ठेवायच्या. घोडे म्हणजे लाकडी हं, मांडववाले वापरतात तसे! ही फळी म्हणजेच टेबल. मग टेबलावरच्या जेवणालाही ‘बोर्ड’ म्हणू लागले.

हायवेवर ‘बोर्डिंग-लॉजिंग’ अशी पाटी असते बघा. मला कित्येक वर्षं वाटायचं, दोन्हीचा अर्थ राहणंच. तसं नाही. लॉजिंग म्हणजे झोपायची सोय, बोर्डिंग म्हणजे जेवणाची. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, ते वसतिगृह होतं; आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे वसतिगृहच झालं. पण शब्दाच्या पोटात आहे ते ताट.

त्याच टेबलाभोवती बसून कारभार बघणारी माणसं, ती झाली ‘बोर्ड’. आलं दहावीचं बोर्ड!

आता जहाज. ‘कडा’ अशा अर्थाचा दुसरा एक ‘बोर्ड’ होता, तो या फळीत मिसळून गेला आणि जहाजाच्या बाजूला ‘बोर्ड’ म्हणू लागले. सुकाणूचं वल्हं उजवीकडे असायचं, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यातला ‘स्टार’ तारा नव्हे, सुकाणू धरणं. डावी बाजू ‘लारबोर्ड’. भर वादळात कुणी ओरडलं तर स्टार ऐकायचं की लार? शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला, डावीकडे ‘पोर्ट’च म्हणायचं. विमानतळावरचा बोर्डिंग पास आला तो याच जहाजावरून.

आणि हे इंग्रजांनाच सुचलं असं नाही. लाकडाच्या फळीवरून आपणही माणसांपर्यंत आलोच की. सलामीची फळी, मधली फळी. भारताची मधली फळी कोसळली की आपण शिव्या कुणाला घालतो? क्रिकेट बोर्डाला. म्हणजे फळी निवडायची, तीही फळीनेच!