मातीचे वजन

पडद्यावर दिसते आहे ती माझ्या वडिलांची उड्डाणवही. हवाई दलातला वैमानिक तारीख, विमान, मार्ग आणि तास यांची नोंद अशा वहीत ठेवतो. बाबांच्या वहीत ‘पॅकेट’ या मालवाहू विमानाचे नाव सर्वाधिक वेळा आहे आणि मार्ग बहुतेक वेळा चंदीगड ते लेह असा आहे.

औसा तालुक्यातल्या शेतकरी घरात, निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत जन्मलेला मुलगा हिमालय ओलांडतो याचे गावाला अप्रूप होते. बाबा मात्र बोलत ते वजनाबद्दल. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत पॅकेटच्या दोन पिस्टन इंजिनांचा जोर अपुरा पडे, म्हणून विमानाच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलेले असे. दिवस तापला की हवा आणखी विरळ होते आणि दुपारी वारे सुटतात, त्यामुळे उड्डाणे पहाटे होत आणि चौक्यांवरच्या जवानांसाठी निघालेले प्रत्येक पोते वजन करूनच विमानात चढे. ‘आधी वजन, मग बाकीचं,’ हे आम्ही भावंडांनी घरातही ऐकले.

कानाच्या दुखण्याने उड्डाण सुटले. बाबांनी ए.एम.आय.ई. ही अभियांत्रिकीची परीक्षा घरी अभ्यास करून दिली आणि पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कामावर रुजू झाले.

मी अकरावीसाठी लातूरला निघाले तेव्हा त्यांनी माझी ट्रंक अडत दुकानातल्या काट्यावर ठेवली आणि त्यांनीच हौसेने भरलेली चार जाड पुस्तके बाहेर काढली. ‘जिन्यावर तुला एकटीला उचलता आली पाहिजे,’ एवढेच ते म्हणाले. त्या काळजीचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

गावचे आमचे घर माळवदाचे होते. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती. जुनी माती कोणी काढत नसे, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जड होत गेले. ‘माय, वरची थोडी माती काढू,’ असे बाबा आजीला सांगत. ‘उन्हाळ्यात घर गार ऱ्हातंय, राहू दे,’ ती म्हणे. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे नऊ टन वजन होते, हा हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता. लेहच्या एका फेरीत त्यांच्या पॅकेटने एवढे कधीच वाहिले नव्हते. पण आईपुढे त्यांनी तो रेटला नाही, आणि याची खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या पदराला जोडणारे आडवे दगड फारसे नव्हते, त्यामुळे पदर सुटले, भिंती ढासळल्या आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या घराची मागची भिंत पडली. आजी त्या रात्री अंगणात झोपली होती, म्हणून वाचली.

बाबा तेव्हा पन्नाशीला आले होते. त्यांनी रजा काढली आणि उभ्या राहिलेल्या घरांच्या माळवदांवर शिडी लावून ते चढू लागले. माती उतरवायची, भिंतीत भोक पाडून दोन्ही पदरांना बांधणारा आडवा सिमेंट-काँक्रीटचा टाका घालायचा, हे काम ते लोकांना स्वतः करून दाखवत. भीतीने बाहेर पालात राहणारी माणसे सुरुवातीला नुसती पाहत उभी राहत. मग कोणीतरी टोपली हातात घेई.

उड्डाणवहीची शेवटची पाने तेव्हा कोरीच होती. ती आता पाहा. तारखेचा रकाना तसाच आहे, विमानाच्या रकान्यात घरमालकाचे नाव आहे, आणि तासांच्या रकान्यात उतरवलेल्या टोपल्या आहेत. पहिली नोंद आजीच्या घराची आहे: 212 टोपल्या.